'साटा गळ्यात मारली' या रिव्ह्यूला कॉम्प्युटरच्या दुकानातर्फे उत्तर

नमस्कार.

तुम्हाला त्रास झाला, त्याबद्दल माफ करा. फोन उचलला गेला नाही हीही आमचीच चूक. आता बाकीचं बोलतो, कारण तुमचा एक शब्द चार दिवस घशात अडकलाय.

दुकानात मी तुम्हाला अरे-तुरे करतो. तुम्ही चौथीत असताना वडिलांचं बोट धरून याच काउंटरपाशी आला होता, म्हणून. इथे चारचौघांत लिहायचंय म्हणून अहो-जाहो.

ज्यांनी रिव्ह्यू वाचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: यांना एसएसडी (फिरती तबकडी नसलेली, चिपवाली डिस्क) हवी होती, तीही एनव्हीएमई, म्हणजे वेगवान जातीची, आम्ही साटा, म्हणजे केबलने जोडायची जुन्या जातीची एसएसडी 'गळ्यात मारली', ३,४५० रुपये घेतले, जीटीए फाइव्ह हा गेम उघडायला अजून पावणेदोन मिनिटं लागतात, यूट्यूबवर सगळ्यांचं वीस सेकंदांत उघडतं, आणि 'या काकांना गेमिंगमधलं काही कळत नाही'. एक स्टार.

शेवटच्या वाक्यावर माझी तक्रार नाही. मी शेवटचा गेम खेळलो तो रोड रॅश, तोही क्लासमध्ये सर जेवायला गेले की. पण मशीन कुठे अडतंय ते मला कळतं. सतरा वर्षं कोल्हापुरात राजारामपुरीत हेच करतोय.

'गळ्यात मारली' म्हणजे काय हो? गळ्यात मारतात ते न खपलेला माल, गिऱ्हाइकाला न सांगता. तुम्ही एनव्हीएमई मागितली तेव्हा मी तुमचं कॅबिनेट उघडून टॉर्च मारून दाखवलं होतं. मदरबोर्ड एच८१ चा, प्रोसेसर चौथ्या पिढीचा आय फाइव्ह. हे मशीन २०१४ साली मीच जोडून दिलंय, त्याचे स्क्रूसुद्धा मला पाठ आहेत. त्यावर एम डॉट टूचा, म्हणजे एनव्हीएमई बसते तो, स्लॉटच नाही. तुम्ही वाकून बघितलंत, 'हो की' म्हणालात. मी म्हणालो, यात बसणारी सगळ्यात बरी वस्तू साटाच. तुम्ही म्हणालात, 'लावा काका.' यात गळा कुणाचा आणि मारलं कुणी?

वाचणाऱ्यांपैकी कुणीतरी म्हणेल, कार्ड लावून एनव्हीएमई बसवता येते. येते. माझ्या कपाटात तसली दोन कार्डं पडून आहेत, विकली असती तर मला चार पैसे जास्तच सुटले असते. पण तुमचा मोठा स्लॉट ग्राफिक्स कार्डाने अडवलाय. उरले ते छोटे, एकपदरी स्लॉट, तेही जुन्या पिढीचे. त्यातून सेकंदाला कागदोपत्री ५०० एमबी, प्रत्यक्षात चारशेच्या आसपास जातात. साटा एसएसडी साडेपाचशेपर्यंत जाते. म्हणजे जास्त पैसे मोजून हळू चालणारी वस्तू घेतली असती. वर तुमच्या जुन्या बायोसला (मशीन चालू करताना आधी चालतो तो बोर्डातला प्रोग्रॅम) एनव्हीएमईवरून विंडोज सुरू करता येत नाही, त्यासाठी बायोसमध्येच खटपट करावी लागते. त्यात एखादा बोर्ड कायमचा गप्प झाला की पुढचा रिव्ह्यू कसा आला असता, ते मी लिहीत नाही.

आणखी एक, जे मी बिलात लावलं नाही आणि तुम्ही बघितलंही नसेल. या बोर्डाला चार साटा पोर्ट आहेत, पण पूर्ण वेगाचे दोनच, बाकीचे दोन निम्म्या वेगाचे. तुमची जुनी हार्ड डिस्क वेगवान पोर्टात होती. ती काढून मी हळू पोर्टात लावली (तिला तेवढाही पुरून उरतो) आणि वेगवान पोर्ट एसएसडीला दिला. पंख्यातली धूळ काढली, प्रोसेसरची पेस्ट बदलली. ३,४५० मधले २,९५० ड्राइव्हचे, ५०० विंडोज उचलून नवीन ड्राइव्हवर ठेवायचे. पेस्टचे शून्य.

आता वेगाचं. एनव्हीएमई साटाच्या सहापट, म्हणून गेमही सहापट लवकर उघडणार, हा हिशेब सरसकट सगळे करतात. तुमचा एकट्याचा दोष नाही, खोक्यावर आकडाच तसा छापलेला असतो. ३,५०० एमबी, ७,००० एमबी. तो आकडा एकच मोठी फाइल सलग वाचायचा. गेम तसा वाचत नाही. हार्ड डिस्कमध्ये तबकडी फिरते, मिनिटाला ७,२०० फेरे. एका फेऱ्याला आठ मिलिसेकंदांच्या वर जातात. त्यात माल वाचणारा दांडा एका जागेवरून दुसऱ्या जागी सरकणार. म्हणजे इकडेतिकडे विखुरलेले तुकडे असले तर सेकंदाला ऐंशी-शंभर तुकडे वेचून होतात, संपलं. एसएसडीमध्ये फिरणारं काही नाही, तिथे तेच काम मिलिसेकंदाच्या दहाव्या हिश्शात. खरी उडी ही, हार्ड डिस्कवरून कुठल्याही एसएसडीवर. साटावरून एनव्हीएमईवर जाणं म्हणजे पहिल्या मजल्यावरून दुसऱ्यावर.

कारण वाचून झालं की काम संपत नाही. गेमचा माल दाबून भरलेला असतो. तो उलगडायचा, मांडायचा, ग्राफिक्स कार्डाकडे पोचवायचा, हे सगळं प्रोसेसर करतो. मंडईतून भाजी स्कूटरवर आणा नाहीतर हेलिकॉप्टरने, घरात निवडायला आणि चिरायला बसलेला माणूस एकच असेल तर जेवण त्याच्याच वेळेला तयार होणार. तुमच्या घरी तो माणूस २०१४ चा आहे. माझ्या काउंटरवरच्या नवीन मशीनवर मी याच गेमसाठी दोन्ही लावून बघितलंय. साटावर ३१ सेकंद, एनव्हीएमईवर २८. तीन सेकंद. तेवढ्यात माझा चहाचा कपसुद्धा खाली ठेवून होत नाही.

'ऑनलाइनचं तर विचारूच नका' असंही तुम्ही लिहिलंय. ते विचारायलाच हवं होतं, कारण त्यात डिस्कच्या पलीकडचं बरंच काही असतं. या गेमच्या ऑनलाइन भागाला एकेकाळी पाच-सहा मिनिटं लागायची, महागातली महाग एसएसडी असली तरी. २०२१ मध्ये एका प्रोग्रॅमरने ते उकलून बघितलं. गेम सुरू होताना गेममधल्या दुकानातल्या वस्तूंची १० एमबीची एक यादी यायची, सुमारे ६३ हजार नोंदींची, आणि ती वाचायची पद्धतच इतकी वेडीवाकडी होती की प्रोसेसर तिथेच रुतून बसायचा. त्याने स्वतः दुरुस्ती करून सहा मिनिटांची दोन मिनिटं करून दाखवली. कंपनीने ते मान्य केलं, मार्चमध्ये अपडेट दिलं आणि त्याला १० हजार डॉलर बक्षीसही दिलं. एवढी वर्षं जगभरची पोरं डिस्क बदलत बसली होती! किती दुकानदारांनी शिव्या खाल्ल्या असतील, देव जाणे.

एनव्हीएमई वाया असते असं मी म्हणत नाही. प्लेस्टेशन ५ सेकंदाला साडेपाच गिगाबाइट वाचतं आणि तिथे गेम डोळ्याचं पातं लवेपर्यंत उघडतात. पण तिथे त्यांनी माल उलगडायला चिपमध्येच वेगळा भाग दिलाय, म्हणजे मंडईपासून पातेल्यापर्यंत सगळंच नव्याने बांधलंय. कॉम्प्युटरवरही मायक्रोसॉफ्टने डायरेक्टस्टोरेज (वेगवान डिस्कवरून गेमचा माल झटपट ग्राफिक्स कार्डाकडे पोचवायची सोय) २०२२ पासून आणलंय, पण ते वापरणारे गेम मोजकेच. स्टारफील्डसारख्या गेमला एसएसडी हवीच, पण नुसती एसएसडी, एनव्हीएमईच असं नाही. उद्या नवीन मशीन घ्यायला आलात तर मी स्वतः सांगेन, एनव्हीएमईच घ्या, आता भावातही फारसा फरक नाही.

मग पावणेदोन मिनिटं का? इथे मला थोडं बोलायचंय.

त्या दिवशी मी तुमच्यासमोर जीटीएचं अख्खं फोल्डर, शंभर जीबीच्या वरचं, नवीन ड्राइव्हवर हलवलं. त्याला वेळ लागला, तुम्ही दोनदा घड्याळ बघितलंत, मी चहा मागवला. नंतर तुमच्याच मोबाइलवर स्टॉपवॉच लावून गेम उघडला. ३७ सेकंद. तुम्ही त्याचा व्हिडिओ काढलात आणि मित्राला पाठवलात. 'काका, एक नंबर' असं म्हणालात. हे मी बनवून लिहीत नाही, व्हिडिओ अजून तुमच्या मोबाइलमध्ये असेल.

आता रिव्ह्यूसोबत तुम्ही टाकलेला फोटो. मी तो मोठा करून बघितला, मग मुलाला चष्मा आणायला सांगून परत बघितला. टास्क मॅनेजर, म्हणजे कोण किती राबतंय ते दाखवणारी विंडोजची खिडकी, उघडलाय. डाव्या बाजूला दोन डिस्क दिसतात. सी, खाली एसएसडी लिहिलंय, २ टक्के. डी, खाली एचडीडी, म्हणजे हार्ड डिस्क, लिहिलंय, १०० टक्के. गेम उघडत असताना नवीन ड्राइव्ह झोपलाय आणि अकरा वर्षांची म्हातारी एकटी ओझं वाहतेय. म्हणजे गेम परत डी वर गेलाय. तो मी नेला नाही. बहुतेक दुसरा कुठला मोठा गेम टाकायला सी वर जागा कमी पडली आणि तुम्ही जीटीए तिकडे ढकललात. ४८० जीबीचा ड्राइव्ह, विंडोज धरून मोठे गेम दोन-तीनच मावणार, हेही मी तेव्हा बोललो होतो.

तर मला एक स्टार मिळाला तो २०१४ च्या हार्ड डिस्कसाठी. ती अकरा वर्षं चालली, तेव्हा कुणी पाच स्टार दिले नव्हते.

चिडून लिहितोय असं वाटेल. थोडा चिडलोच आहे. तुमच्यासाठी तो रविवारचा पाच मिनिटांचा उद्योग होता. आमचं रेटिंग ४.६ चं ४.४ झालं आणि परवा एका नवीन गिऱ्हाइकाने आत पाऊल टाकायच्या आधी मोबाइल दाखवून विचारलं, 'हे गळ्यात मारायचं काय प्रकरण आहे?' त्याला मी काय सांगणार? चहा पाजला. तो 'बघतो' म्हणून गेला.

फोनचं म्हणाल तर पहिला रात्री ११:४० ला आलाय आणि दुसरा गुरुवारी दुपारी पावणेतीनला, मी जेवत होतो. तरी चूक आमची, उलट फोन करायला हवा होता. यापुढे फोनसाठी काहीतरी व्यवस्था करतोय, आणि ड्राइव्ह कुठला, का लावला, हे बिलावर लिहून देत जाऊ.

मशीन घेऊन या. संध्याकाळी पाचनंतर कधीही, केबल आणू नका, इथे आहेत. गेम परत एसएसडीवर ठेवून देतो, पैसे नाहीत. रिव्ह्यू बदला असं म्हणणार नाही, ती तुमची मर्जी.

पण लवकर या, आणि ते गेमसाठी नाही. मशीन इथे होतं तेव्हा मी जुनी डिस्क तपासली होती. तिच्यात खराब सेक्टर, म्हणजे वाचता न येणाऱ्या जागा, निघायला लागलेत, ते मी बिलामागे पेन्सिलीने लिहिलं होतं. त्याच डी ड्राइव्हवर वडिलांच्या नावाचं एक फोल्डर आहे, त्यात त्यांच्या दुकानाचे २०१६ पासूनचे हिशेब आहेत. जीटीए तिला रोज शंभर टक्क्यांवर पळवतोय. येताना एक रिकामी पोर्टेबल डिस्क आणा. नसेल तर माझी देतो, आठवड्याने परत द्या.