मीटर लावलं की इंजिन बसत नाही म्हणे!

समृद्धीवर गाडी घालायच्या आधी बूस्ट (टर्बो इंजिनात किती दाबानं हवा भरतो ते), ऑइल प्रेशर अन् टेंपरेचर असे तीन जादा मीटर बसवा, कंपनीचे काटे खोटे असतात, मीटर लावलेल्या गाडीचं इंजिन कधीच बसत नाही (म्हणजे जाम होऊन खराब होत नाही), अर्ध्या तासाचं काम आहे, दोन वायरी जोडायच्या, वरून अॅव्हरेज पण वाढतं... हा मेसेज जालन्यापासून लातूरपर्यंत सगळ्या ग्रुपवर फिरायलाय. माझ्या डिझेल गाडीत सहा वर्षांपासून दोन मीटर आहेत म्हणून बोलायलोय, मीटरशी माझं काही वाकडं नाही.

कंपनीचा काटा खोटा असतो हे निम्मं खरंय. बऱ्याच गाड्यांत कूलंट (इंजिन थंड ठेवणारं पाणी) 80 अंश असो की 100, काटा मुद्दाम मधोमधच ठेवलेला असतो, जरा हलला की लोक सर्व्हिस सेंटरला पळतात म्हणून. काही गाड्यांत तर काटाच नाही, निळा अन् लाल दिवा, झालं. ऑइलच्या दिव्याचं त्याहून वाईट, त्याचा स्विच प्रेशर साधारण 0.3 ते 0.5 बारपर्यंत (बार म्हणजे दाबाचं माप) उतरल्यावरच दिवा पेटवतो. हायवेला गरम इंजिनात तीन-चार बार प्रेशर पाहिजे, म्हणजे ते चारावरून एकावर आलं तरी दिवा गप्पच, अन् पेटला तेव्हा बेअरिंग गेल्यात जमा. म्हणून ऑइल प्रेशरचं मीटर कामाचं आहे, यावर माझा वाद नाही.

पण "इंजिन कधीच बसत नाही"? ऐका मग. मे महिना, दुपारचं ऊन, मांजरसुंब्याचा घाट, एसी चालू. काटा 104 वर गेला अन् पाच मिनिटांत उतरून 85 वर आला. मी म्हणलं थंड झाली, बरं झालं. खाली होज फुटून सगळं कूलंट रस्त्यावर सांडलं होतं, सेन्सरला पाणीच लागेना म्हणून तो गरम वाफेचं न् हवेचं काहीतरी दाखवायला लागला. हेड गॅस्केट (इंजिनाच्या वरच्या भागाखालचं पॅकिंग) गेलं. मीटर होतं, मी बघत पण होतो, फक्त काटा असा एकदम उतरणं हे चढण्यापेक्षा वाईट असतं हे तेव्हा डोक्यात नव्हतं. आणि उलट, काही जण 100 दिसलं की घाबरून मधातच गाडी बंद करतात, तसं काही नसतं, रेडिएटरच्या झाकणानं धरलेल्या प्रेशरमुळं कूलंट शंभराला उकळत नाही.

आता ते अर्ध्या तासाचं काम. वायरी सोप्या आहेत हो, चावीसोबत चालू होणारी लाइन घ्या, जिथून घेतली तिथंच जवळ फ्यूज टाका, अर्थिंग गंज नसलेल्या पत्र्याला. खरी गंमत ऑइलच्या सेन्सरला होते. बऱ्याच मीटरसोबत 1/8 एनपीटी (अमेरिकन मापाच्या) आट्यांचा सेन्सर येतो, जपानी डिझाइनच्या बऱ्याच इंजिनांत बीएसपीटी (ब्रिटिश मापाचे) आटे असतात. एकाला इंचात 27 आटे, दुसऱ्याला 28, त्यामुळं दोन-तीन फेरे मस्त बसतं, पुढं घट्ट लागतं, मिस्त्री म्हणतो बसलं की, अन् आठवड्यात ऑइल गळायला लागतं नाहीतर ब्लॉकचे आटेच जातात. त्यात टेफलॉन टेप गुंडाळून ठेवली की एका वायरीच्या सेन्सरला अर्थिंग नीट मिळत नाही, काटा नाचतो, अन् टेपचा तुकडा ऑइलच्या वाटेत गेला तर विचारूच नका. पितळेची जड टी (T आकाराचा जोड) सेन्सरसकट इंजिनाला लटकवून ठेवायची नसते, थरथरीनं तडकते. लवचिक होज लावून सेन्सर बॉडीला बांधायचा, मग त्याला वेगळी अर्थिंगची वायर लागते. स्वस्तातलं मेकॅनिकल मीटर तर घेऊच नका, बारक्या नळीतून गरम ऑइल थेट डॅशबोर्डपर्यंत येतं, फुटली तर पायावर.

अॅव्हरेजचं एका वाक्यात. पेट्रोल गाडीत बूस्ट मीटरचा काटा व्हॅक्यूमकडं, म्हणजे शून्याच्या खाली, ठेवून चालवलं तर थोडं वाचतं कारण तुम्ही पाय हलका ठेवता, डिझेलला तो काटा हळू चालवताना शून्याच्याच आसपास बसून राहतो.

आणि ओबीडीत (गाडीची तपासणी करायच्या सॉकेटमध्ये) मोबाईलला माहिती पाठवणारं डोंगल लावून सगळं दिसतं म्हणणाऱ्यांनो, कूलंट दिसेल, बूस्ट पण बऱ्याच टर्बो गाड्यांत दिसेल, ऑइल प्रेशर बहुतेक गाड्यांत नाही, कारण तिथं सेन्सरच नसतो, तोच बिचारा स्विच असतो. अन् डोंगल काढून ठेवत जा, त्या सॉकेटला चावी बंद असली तरी करंट असतो, पंधरा दिवस गाडी उभी राहिली की धक्का मारायला माणसं गोळा करावी लागतात.