सीव्हीव्ही फोनवर सांगितला तर म्हणे काही होत नाही

गेले काही दिवस सोसायटीच्या ग्रुपवर, भिशीच्या ग्रुपवर, शाळेच्या जुन्या बॅचच्या ग्रुपवर, सगळीकडे एकच मेसेज फिरतोय. सार असं की क्रेडिट कार्डाच्या बाबतीत लोक उगाच भित्रट झालेत, फोनवर कार्ड नंबर आणि मागचे तीन आकडे, म्हणजे सीव्हीव्ही, दिले तरी ओटीपीशिवाय कोणी काही करू शकत नाही, समोरच्याला तुमचं नाव आणि कार्ड माहीत असेल, तो फाडफाड इंग्लिश बोलत असेल तर तो बँकेचाच, कॉल रेकॉर्ड होतो म्हणजे सेफ, आणि पैसे गेलेच तर बँक देतेच परत, तसा आरबीआयचा नियमच आहे. वर हेही, की लोक कार्ड सांगत नाहीत म्हणून हॉटेल आणि ट्रॅव्हलवाल्यांची बुकिंग अडतात. सोडून देणार होतो, पण खाली आमच्याच विंगमधल्या लोकांचे अंगठे पडायला लागले, तेही बऱ्याचशा रिटायर्ड माणसांचे, म्हणून लिहितोय.

आधी ओटीपी. यातलं अर्धं खरं आहे, आणि अर्ध्या खऱ्यानेच जास्त वाट लागते. भारतात ऑनलाइन कार्ड पेमेंटला ओटीपीसारखी दुसरी खातरजमा आरबीआयने 2009 पासून सक्तीची केली, फोनवर मशीनच्या आवाजानुसार बटणं दाबून होणाऱ्या, म्हणजे आयव्हीआर पेमेंटला 2011 पासून. पण परदेशातल्या कितीतरी साइटवर नंबर, एक्सपायरी आणि सीव्हीव्ही एवढ्यावर काम होतं, ओटीपी येतच नाही, एकदम डॉलरमध्ये खर्च झाल्याचा मेसेज येतो. आता नवीन कार्डावर इंटरनॅशनल बंदच असतं, 2020 च्या नियमानुसार ते आपण चालू करायचं, मान्य. पण दुबईला जाताना चालू केलेलं परत आल्यावर बंद किती जण करतात? अॅप उघडून बघा एकदा, मी सांगतोय म्हणून नको, पण बघा.

आणि ओटीपी मागणारा कोण असतो? तोच की. तुमच्याशी गोड बोलता बोलता तो तिकडे कुठल्यातरी साइटवर तुमचं कार्ड टाकतच असतो, म्हणजे तीन आकडे मिळाले की तो पेमेंटचं बटण दाबतो आणि तुम्हाला म्हणतो, सर आत्ता एक व्हेरिफिकेशन कोड आला असेल बघा, तेवढा सांगा, रिवॉर्ड पॉइंट आज रात्री एक्सपायर होतायत. ओटीपीच्या मेसेजमध्ये बहुतेक वेळा रक्कम असते, दुकानाचं नाव असतं, पण माणूस मोबाइल कानापासून दोन सेकंद लांब धरतो, सहा आकडे वाचतो आणि परत कानाला लावतो, वरची ओळ वाचतंय कोण. काही जण तर स्टार 401 स्टार आणि पुढे एक नंबर डायल करायला सांगायचे, की तुमचे कॉल त्याच्याकडे वळले आणि फोनवर बोलून सांगितला जाणारा ओटीपीही त्याच्याकडेच. हा प्रकार इतका माजला की एप्रिल 2024 मध्ये दूरसंचार खात्याने अशा कोडवर चालणारं कॉल फॉरवर्डिंग बंद करायला लावलं.

त्याला माझं नाव आणि कार्ड माहीत होतं हो, असं जो तो सांगतो. काय माहीत होतं नेमकं? कार्डाचे सुरुवातीचे आकडे तुमचे एकट्याचे नसतातच, ते बँक आणि कार्डाचा प्रकार दाखवतात, त्या प्रकारच्या सगळ्या कार्डांवर तेच. व्हिसाचं प्रत्येक कार्ड 4 ने सुरू होतं, मास्टरकार्ड बहुतेक 5 ने. म्हणजे तुमचं कार्ड 4 पासून आहे ना मॅडम, हे कोणीही आंधळेपणाने म्हणू शकतो. शेवटचे चार आकडे स्वाइपच्या पावतीवर छापलेले असतात आणि ती पावती आपण टेबलावरच टाकून निघतो. नाव आणि मोबाइल नंबर तर मॉलमधल्या लकी ड्रॉच्या कूपनवर आपणच भरून दिलेला.

आणि फाडफाड इंग्लिश बोलतो म्हणून बँकेचा, हे तर मुंबईकरांनी बोलूच नये. ऑक्टोबर 2016 मध्ये ठाणे पोलिसांनी मीरा रोडच्या कॉल सेंटरांवर धाडी टाकल्या, तिथून आपलीच पोरं अमेरिकन टॅक्स खात्याचे अधिकारी बनून अमेरिकेतल्या लोकांना घाबरवून पैसे काढत होती. अमेरिकन माणूस त्यांच्या बोलण्याला फसला, आपलं काय घेऊन बसलात.

कॉल रेकॉर्ड होतो म्हणजे सेफ, हे मला अजिबातच कळलं नाही. तुमचे तीन आकडे कुणाच्यातरी रेकॉर्डिंगमध्ये पडून राहिले ही चांगली बातमी कशी? कार्ड कंपन्यांचा पीसीआय डीएसएस नावाचा जो नियमसंच आहे त्यात पेमेंट मंजूर झाल्यावर सीव्हीव्ही कुठेच साठवून ठेवायचा नाही असं आहे, कुलूप लावूनसुद्धा नाही, आणि त्यात आवाजाचं रेकॉर्डिंगही आलं. त्यात आपल्याकडे फोन येतो कुठे, तर विरार फास्ट लोकलमध्ये. दादर सुटल्यावर एक गृहस्थ दारापासून आत उभे, एका हातात कडी, कार्ड डोळ्यांसमोर, फोन खांद्यात दाबलेला, आणि आवाज जात नाही म्हणून ओरडून, नाइन... नाही नाही, नाइन, नऊ! बांद्र्यापर्यंत अर्ध्या डब्याला त्यांचं कार्ड पाठ झालं.

आता नियमाचं, कारण मेसेजमधला सगळ्यात महागात पडणारा भाग हाच. नियम आला तो आरबीआयच्या 6 जुलै 2017 च्या परिपत्रकातून. तुमची किंवा बँकेची चूक नसताना, बाहेरच्या कुणीतरी गडबड करून पैसे गेले आणि बँकेकडून कळल्यावर तीन कामाच्या दिवसांत तुम्ही कळवलंत, तर तुमच्यावर एक रुपयाही येत नाही. चार ते सात कामाचे दिवस लागले तर काही मर्यादेपर्यंत भार तुमचा. पण त्याच परिपत्रकात हेही आहे की ग्राहकाने स्वतः माहिती दिली म्हणून नुकसान झालं, तर बँकेला कळवेपर्यंतचा सगळा तोटा त्याचा. मेसेजवाल्याने पहिला भाग उचलला आणि हा गाळला. म्हणजे आधी सीव्हीव्ही द्या म्हणायचं आणि मग बँक भरून देईल म्हणायचं, ही दोन वाक्यं एका मेसेजमध्ये बसतच नाहीत. कुणाचं झालंच असेल तर कार्ड आधी ब्लॉक करा आणि लगेच 1930 ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला फोन लावा, रविवार संपायची वाट बघत बसू नका.

सगळ्यालाच घाबरा असं मी म्हणत नाहीये. कार्डाच्या मागे छापलेल्या नंबरवर आपण फोन केला आणि मशीनने नंबर दाबायला सांगितलं, तर दाबावा, त्याशिवाय काम पुढे जात नाही. शेवटचे चार आकडे सांगायलाही हरकत नाही.

राहिलं ते धंदेवाल्यांच्या अडचणीचं, की ग्राहक कार्ड सांगत नाहीत म्हणून बुकिंग अडतात. एका ट्रॅव्हलवाल्याच्या काउंटरवर मी उघडी डायरी बघितलीये, नाव, कार्ड नंबर, एक्सपायरी आणि पुढे कंसात ते तीन आकडे, निळ्या पेनाने, बाजूला चहाचा कप. ऑक्टोबर 2022 पासून मोठमोठ्या शॉपिंग साइटनाही आपला पूर्ण कार्ड नंबर ठेवायची परवानगी नाही, आणि हा डायरीत ठेवणार. पेमेंट लिंक पाठवायला दोन मिनिटं लागतात. पाठवत नसेल तर दुसरं हॉटेल बघा, माथेरानला हॉटेलं काय कमी आहेत?