चौदा वर्षांपर्यंत फक्त तंत्र? मुलांचं नुकसान करणारा सल्ला

फुटबॉल शिकणाऱ्या मुलांच्या पालकांमध्ये सध्या एक मजकूर फिरतोय. मला तो चार पालकांनी पाठवला आणि त्यातल्या दोघांनी खाली विचारलं, ‘सर, मग तुम्ही आमच्या पोराला आत्तापासून मोकळी जागा शोधायला का शिकवता?’ मजकूर थोडक्यात असा: चौदा वर्षांपर्यंत मुलांना फक्त तंत्र शिकवावं, म्हणजे बॉल कंट्रोल, ड्रिबलिंग (बॉल पायाशी ठेवून पळणं), जगलिंग (बॉल खाली न पाडता उडवत राहणं), पासिंग. डावपेच त्या वयात डोक्यात शिरत नाहीत. मेस्सीला लहानपणी कोणी डावपेच शिकवले होते? लहान मुलांना डावपेच शिकवणारा कोच स्वतःच्या ट्रॉफीसाठी ते करतो. आणि तंत्र पक्कं असलं की डावपेच पुढे सहा महिन्यांत येतात.

मी कोल्हापुरात मुख्यतः आठ ते तेरा वर्षांच्या मुलांना फुटबॉल शिकवतो. या मजकुरातलं ट्रॉफीबद्दलचं वाक्य अर्धं खरं आहे, त्याकडे येतोच. बाकीचं वाचून पालक क्लास बदलायला निघालेत, म्हणून एकेक मुद्दा घेऊन लिहितोय.

‘आधी तंत्र, मग डावपेच.’ ऐकायला हे आधी पाढे, मग गणित असं वाटतं. पण मैदानावर या दोन गोष्टी वेगळ्या करून दाखवा. दहा कोन, म्हणजे प्लास्टिकचे शंकू, ओळीत मांडले, मुलगा त्यातून बॉल सुरेख काढतो, पालक मोबाईलवर शूटिंग करतात. कोन पाय घालत नाही, खांदा लावत नाही, मागून येत नाही. त्याच मुलाला मॅचमध्ये बॉल येतो तेव्हा पाठीला प्रतिस्पर्धी चिकटला असेल, तर पहिला टच अंगाशी, त्याच्यापासून लांबच्या पायाने घ्यावा लागतो. मागे कोणी नसेल तर तोच टच वळून, पुढच्या मोकळ्या जागेत न्यावा लागतो. बॉल तोच, पाय तोच, टच दोन. कोणता घ्यायचा हे बॉल यायच्या आधी मान वळवून बघितल्याशिवाय कळत नाही. ते बघणं आणि ते ठरवणं यालाच मी डावपेच म्हणतो. फळ्यावर ४-३-३ अशी संघाची मांडणी लिहिणं म्हणजे डावपेच नव्हे.

नऊ वर्षांच्या मुलासाठी डावपेचाचा पहिला धडा दोघांविरुद्ध एक एवढाच असतो. बॉल असलेल्याने सरळ डिफेंडरवर जायचं, त्याला आपल्याकडे ओढायचं आणि तो अंगावर आला की पास सोडायचा. लवकर सोडला तर डिफेंडर आरामात दुसऱ्याकडे सरकतो. उशीर झाला तर बॉल जातो. आणि ज्याला पास हवाय त्याने डिफेंडरच्या आडोशाला उभं राहायचं नाही, एक पाऊल बाजूला सरकून स्वतःला दाखवायचं. आता सांगा, यात तंत्र कुठे संपलं आणि डावपेच कुठे सुरू झाले? पास मारायचा पाय हजार वेळा घोटून घ्या, तो क्षण ओळखायची नजर त्यातून येत नाही. ती समोर खराखुरा प्रतिस्पर्धी असेल तरच येते.

इंग्लंडमधल्या लफबरो विद्यापीठात डेव्हिड बंकर आणि रॉड थॉर्प यांनी हीच अडचण ओळखली होती. शाळेच्या तासाला मुलं कौशल्यं घोटतात आणि खेळ सुरू झाला की ती कधी वापरायची हे त्यांना कळत नाही. म्हणून १९८२ मध्ये त्यांनी क्रमच उलटा मांडला: आधी छोटा, सोपा केलेला खेळ, त्यातून ‘इथे काय करावं?’ हा प्रश्न, आणि मुलाला गरज पटली की मग ‘ते कसं करावं?’ म्हणजे तंत्र. या मांडणीला चाळीसहून जास्त वर्षं झाली आणि आपण अजून कोन मोजतोय.

आता ‘डोक्यात शिरत नाही’. या वाक्याचा मला खरंच राग येतो, कारण ते लिहिणाऱ्याने आपल्याकडची मुलं खेळताना पाहिलेली नाहीत. आट्यापाट्या आठवा. पाटीवर एक जण अडवायला उभा, समोर दोघं. एक जण उजवीकडे हूल देतो, अडवणारा तिकडे धावतो, दुसरा डावीकडून पार. हे दोघांविरुद्ध एकच आहे आणि दहा वर्षांची पोरं ते कोणी न शिकवता करतात. खो-खोत पाठलाग करणाऱ्याला मागे वळता येत नाही आणि बसलेल्यांच्या मधून घुसता येत नाही, हे पळणाऱ्या मुलीला पक्कं माहीत असतं. म्हणून तो अगदी जवळ येईपर्यंत ती थांबते आणि मग मधून पलीकडे जाते. एवढं ज्यांना कळतं त्यांना मोकळी जागा म्हणजे काय ते कळणार नाही?

शिरत नाही ते भाषण. आठ वर्षांच्या मुलांना फळ्यासमोर बसवून बाण काढून दाखवले तर त्यातलं काहीही राहत नाही, हे मी मान्य करतो. या वयात सगळी पोरं बॉलभोवती घोळका करणार, आणि बाहेरून ‘पसरा रे, पसरा!’ म्हणून कितीही ओरडलं तरी घोळका सुटणार नाही. बॉल एकच आहे आणि तो प्रत्येकाला हवाय. म्हणून खेळच बदलायचा. तिघं विरुद्ध तिघं, दोन्ही टोकांना दोन-दोन छोटे गोल, गोलकीपर नाही. एका गोलसमोर गर्दी झाली की दुसरा मोकळा दिसतो आणि मूल आपोआप मान वर करतं. जर्मन प्रशिक्षक होर्स्ट वाइन यांनी लहान मुलांसाठी हा चार गोलांचा खेळ रुजवला. जर्मनीच्या फुटबॉल संघटनेने २०२४-२५ च्या मोसमापासून छोट्या संघांचे असे खेळ बालगटांत देशभर बंधनकारक केले, आणि सगळ्यात लहान गटात दोन विरुद्ध दोन किंवा तीन विरुद्ध तीनच खेळतात. माझ्याकडे हा खेळ सुरू केल्यावर तिसऱ्या आठवड्यात एक आठ वर्षांची मुलगी बॉल घेऊन थांबली, वळली आणि रिकाम्या गोलकडे गेली. तिला ‘खेळाची दिशा बदल’ हे शब्द मी कधी सांगितले नव्हते.

मेस्सीचा मुद्दा लवकर संपतो. तो २०००मध्ये, तेराव्या वर्षी, अर्जेंटिनातल्या रोसारिओहून बार्सिलोना क्लबकडे आला. तिथल्या अकादमीत डच प्रशिक्षक योहान क्रायफच्या काळापासून रोंदो हा रोजचा खेळ आहे: बाहेर वर्तुळ करून उभे असलेले बॉल फिरवणार, आत एक-दोघं तो हिसकावणार. म्हणजे या मजकुराने घातलेली मर्यादा ओलांडायच्या आधीच तो डावपेचांच्या शाळेत होता. त्याच्याही आधीच्या गल्लीतल्या खेळाला लोक ‘शुद्ध तंत्र’ म्हणतात, हे मला कधी समजलेलं नाही. गल्लीत कोन नसतात. गल्लीत समोर मोठा भाऊ असतो.

ट्रॉफीच्या मुद्द्यावर मात्र थांबायला हवं. उंच पोराला कायमचं मागे उभं करणारे, ‘लांब मार, लांब मार’ ओरडणारे, बारीक पोराला दोन महिने बाकावर बसवणारे कोच मी पाहिलेत, आणि पहिल्या दोन वर्षांत मीही तसं केलंय. एक मुलगा माझ्यामुळे सबंध मोसम मैदानाची मधली रेघ ओलांडून पुढे गेला नाही. मॅच जिंकल्या, पण त्याला खेळ कळला नाही, आणि ती चूक माझी होती. पण याला डावपेच शिकवणं म्हणत नाहीत. यात मुलाच्या जागी कोच विचार करतो, म्हणजे मुलाकडून डावपेच काढूनच घेतो. इथे मजकूर लिहिणाऱ्याचं निदान बरोबर आहे, औषध चुकीचं आहे.

बेल्जियमने काय केलं ते बघा. २००० च्या युरो, म्हणजे युरोपीय देशांच्या स्पर्धेत सहयजमान असूनही ते गटातच बाद झाले. त्यानंतर तिथल्या फुटबॉल संघटनेच्या मिशेल साब्लोन यांच्या पुढाकाराने मुलांच्या सुमारे १,५०० मॅचचं चित्रीकरण करून अभ्यास झाला. दिसलं हे की जिंकण्यावर भर फार आणि शिकण्यावर कमी. त्यांनी सात-आठ वर्षांखालच्या गटांची गुणतालिकाच बंद केली आणि त्याच वेळी खेळ वयानुसार दोन विरुद्ध दोन, पाच विरुद्ध पाच, आठ विरुद्ध आठ असा बांधला. ट्रॉफी काढली, डावपेच ठेवले. दोन्ही एकाच वेळी करता येतं. २०१८च्या विश्वचषकात ते तिसरे आले.

आपल्याकडे हे अवघड आहे, मला माहीत आहे. शाहू स्टेडियमवर पाटाकडील किंवा खंडोबा तालमीच्या फुटबॉल संघाची मॅच बघत वाढलेल्या पेठेतल्या बापाला पोराच्या दहा वर्षांखालच्या स्पर्धेतही पेठेचीच इज्जत दिसते. त्या वेडावर माझं प्रेम आहे, त्याच्याशिवाय या शहरात फुटबॉल टिकला नसता. फक्त ते बारा वर्षांपर्यंत कुंपणाबाहेर ठेवा.

शेवटचा दावा, ‘नंतर सहा महिन्यांत येतात’. माझ्याकडे पंधराव्या वर्षी येणारी मुलं असतात. शंभर-दोनशे जगलिंग सहज करतात, बॉल पायाला चिकटलेला. पण नजर कायम बॉलवर. पास यायच्या आधी खांद्यावरून मागे बघ, एवढी एक सवय लावायला त्यांना वर्ष पुरत नाही, कारण आधी सात वर्षं खाली बघायची सवय घोटलेली असते. शिकवणं सोपं असतं, पुसणं नाही. नॉर्वेचे संशोधक गेइर योर्डेट यांनी इंग्लंडच्या प्रीमियर लीगमधल्या खेळाडूंची हीच मान वळवण्याची सवय मोजली. बॉल यायच्या आधी जे जास्त वेळा आजूबाजूला बघतात त्यांचे पास जास्त वेळा यशस्वी होतात असं त्यांना आढळलं. ही सवय आठव्या वर्षी खेळ म्हणून लागते. ‘माझ्या हाताची किती बोटं वर आहेत?’ एवढं पास यायच्या आधी मागे उभं राहून विचारलं की झालं.

तंत्र नको असं मी म्हणत नाही. माझ्या दीड तासात पंधरा-वीस मिनिटं प्रत्येकजण एकटा बॉलशी खेळतो. उरलेल्या वेळात समोर कोणीतरी असतंच.

तुमच्या पोराच्या क्लासला पुढच्या वेळी जाल तेव्हा शूटिंग करू नका. घड्याळ लावून बघा, की किती मिनिटं त्याच्यासमोर बॉल हिसकावू पाहणारं दुसरं मूल होतं, आणि घरी येताना विचारा, ‘तो पास तू का दिलास?’ पोराकडे उत्तर असेल, चुकीचं का असेना, तर त्या कोचकडेच राहू द्या.