जागा दिसली की शिरा!

लायसन्स हातात आलं? अभिनंदन. आरटीओत आठचा आकडा काढून दाखवलात, तेवढं पुरे. पुण्याच्या रस्त्यावर तो पुन्हा कोणी मागत नाही. इथे एकच विद्या लागते: जागा दिसली की शिरायचं.

पुढच्या गाडीच्या बंपरला नाक लावूनच चालवा. हातभर अंतर सोडलंत तर त्यात एक रिक्षा, दोन स्कूटी आणि पाण्याचे जार वाहणारा टेम्पो येऊन बसेल, शिवाय मागचा ‘ओ काका, झोपलात का?’ म्हणेल ते वेगळंच. जपानी संशोधकांनी 2008 साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. 230 मीटरच्या गोल ट्रॅकवर 22 गाड्या सारख्या वेगाने फिरवायला सांगितल्या. ना सिग्नल, ना खड्डा, ना वरात. तरी कोंडी झालीच. एकाचा वेग किंचित कमी झाला, मागच्याने ब्रेक जरा जास्त दाबला, त्याच्या मागच्याने आणखी जास्त, आणि शेवटी कोणीतरी थांबलाच. बिचाऱ्यांना त्यासाठी 22 गाड्या लागल्या. कर्वे रोडवर तुम्ही हे एकट्याने, मानेत फोन धरून करू शकता.

खरी परीक्षा रेल्वे फाटकावर. फाटक पडलं की डावीकडे रांगेत उभे राहतात ते नेभळट. तुम्ही उजवीकडून सुसाट पुढे जा आणि समोरून येणाऱ्यांच्या लेनमध्ये, थेट दांड्यासमोर उभे राहा. पलीकडेही तुमच्यासारखेच हुशार लोक असतातच. गाडी जाते, दांडा वर होतो, आणि रुळांच्या दोन्ही बाजूंना दोन सैन्यं आमनेसामने! आता हॉर्न सोडायचा नाही. मागे कोणी घ्यायचं हा इज्जतीचा प्रश्न असतो. तेवढ्यात पुढची लोकल आली तर फाटकवाल्याच्या नावाने बोटं मोडा.

राँग साइडबद्दल काय सांगायचं? ‘इथेच तर जायचंय’ एवढं म्हटलं की ती राइट होते.

ट्रक चालवत असाल तर कात्रजच्या नव्या बोगद्यातून नवले पुलाकडे उतरताना गाडी न्यूट्रलला टाका. डिझेल वाचतं म्हणे. इंजिनचा धरून ठेवणारा जोर गेला की सगळा भार ब्रेकवर येतो, ते तापतात आणि तळाला पोहोचेपर्यंत धरेनासे होतात. पण त्याला आपल्याकडे ‘ब्रेक फेल’ असा सोयीस्कर शब्द आहे, म्हणजे चूक लोखंडाची. नोव्हेंबर 2022 मध्ये याच उतारावर एका ट्रकने पुढच्या गाड्यांची रांगच्या रांग चेपली. वाचलेल्या डिझेलचा हिशेब मात्र कुठे वाचनात आला नाही.

त्याच वर्षी देशात रस्त्यांवर 1,68,491 माणसं गेली आणि सरकारी अहवालाने त्यातले सत्तर टक्क्यांहून जास्त मृत्यू अतिवेगाच्या नावावर टाकले. तुम्ही खड्ड्यांविषयी बोलत राहा. खड्डे आहेतच, त्यामुळे कोणी खोटं पाडणार नाही.

राहता राहिली अँब्युलन्स. तिला वाट दिली नाही तर दहा हजारांपर्यंत दंड आहे, म्हणून वाट जरूर द्या आणि लगेच तिच्या मागे लागा. एवढा मोकळा रस्ता पुण्यात पुन्हा मिळायचा नाही. पोलिसाने अडवलंच, तर ‘पेशंट आमचाच आहे’ म्हणून सांगा. एका अर्थी ते खोटंही नाही.