तिरडी बांधणारा माणूस आधीच बघून ठेवा

सांगलीत मयताला माणसं अजूनही भरपूर जमतात, पण त्यात तिरडी बांधता येणारा एकही सापडत नाही. पूर्वी भावकीतला एखादा म्हातारा बांबू, सुतळी मागवून गप्प कामाला लागायचा. आता दवाखान्यातला वॉर्डबॉय कुणाचा तरी नंबर देतो आणि आपण रडत रडत 'हो' म्हणून टाकतो.

पैसे घेण्याबद्दल माझी तक्रार नाही. रात्री दोनला उठून येणाऱ्याला ते मिळालेच पाहिजेत. पण भाव आधी सांगा की! आमच्या काकांच्या वेळी फोनवर एक आकडा सांगितला. स्मशानात पोचल्यावर शेणी वेगळ्या, तूप-कापूर वेगळं, शीतपेटीचं भाडं वेगळं, वर ड्रायव्हरची 'खुशी'. मयत समोर असताना घासाघीस कोण करणार? हे त्यांनाही पक्कं ठाऊक असतं. अमेरिकेत १९८४ पासून 'फ्युनरल रूल' आहे, फोनवर विचारलं तरी भाव सांगावाच लागतो. ब्रिटनमध्ये २०२१ पासून दरपत्रक दुकानात आणि वेबसाइटवर लावायची सक्ती झाली. आपण निदान व्हॉट्सॲपवर चार ओळी लिहून मागू. का-कू करणाऱ्याला तिथूनच नमस्कार.

भावाचं ठरलं तरी माणूस कसा आहे हे कळतं त्याच्या प्रश्नांवरून. मिरजेत शेजारच्या काकू गेल्या तेव्हा आलेल्यानं पहिल्यांदा विचारलं, "पेसमेकर बसवलाय का?" आगीत त्याची बॅटरी फुटते, म्हणून आधी काढून घ्यावा लागतो. आमच्यापैकी कुणाच्या डोक्यातही नव्हतं. मग विचारलं, "डोळे द्यायचेत का? सहा तासांच्या आत कळवायला पाहिजे. पंखा बंद करा, पापण्या मिटून वर ओला कापूस ठेवा." अंघोळ घालायला त्यानं बाई बरोबर आणली होती. अंगावरचे दागिने चारचौघांसमोर मोजून मुलाच्या हातात दिले. उचलताना मानेखाली हात होता, डोकं एकदाही लटकलं नाही. मी तेवढंच बघत होतो.

लिंगायत घरात बसवून नेतात, ती रीत येणाऱ्याला माहीत हवी. नाहीतर ऐन वेळी भावकीत वाद. आणि पावसाळ्यात पाणी चढलं तर कुठं नेणार, हेही विचारून ठेवा. २०१९ ला आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली होती, आपल्याला वेगळं सांगायला नको.

बिल बाकी आहे म्हणून दवाखान्याला मयत अडवता येत नाही, कुणी अडवलंच तर ठणकावून सांगा. मृत्यूची नोंद २१ दिवसांत व्हायला लागते. दवाखान्यात वारले असतील तर कळवायचं काम दवाखान्याचंच. घरी वारले तर डॉक्टरांकडून कारणाचा दाखला लगेच घ्या. "दाखल्याचं आम्ही बघतो, वेगळे पैसे पडतील" म्हणणाऱ्याला पाकीट दाखवू नका.