‘पाच ओळी पाठ करा’ म्हणणाऱ्या त्या मेसेजबद्दल

‘ऑपरेटरच्या पाच ओळी पाठ करा, प्रोग्रॅमिंग खिशात’ असा एक मेसेज सध्या सोलापुरातल्या पालकांच्या ग्रुपांवर फिरतोय. माझ्याकडे तो तीनदा आला, मी पुसून टाकला. चौथ्यांदा ताईनं पाठवला आणि खाली लिहिलं, ‘अगं, हिला हे जमत नाहीये. लाईन बदलू का?’ ‘हिला’ म्हणजे माझ्या भाचीला. डिप्लोमाच्या पहिल्या वर्षाला आहे. आता मात्र गप्प बसवत नाही.

मेसेजचं म्हणणं असं: ऑपरेटर (प्रोग्रॅममधली +, =, % अशी चिन्हं) म्हणजे शाळेतलंच गणित, बोडमास आलं की झालं. = आणि == एकच. % म्हणजे टक्के. ++आय + ++आय याचं उत्तर पाठ हवंच. आणि गणित कच्चं असेल तर कॉम्प्युटरला जाऊच नका.

चौथ्या मुद्द्यापासून सुरू करते, कारण घरात रडारड त्यावरून झाली. आय हे व्हेरिएबल, म्हणजे किंमत ठेवायची जागा; ++ म्हणजे ती किंमत एकनं वाढव. आय ५ असेल तर उत्तर १३, असं मेसेज छातीठोकपणे सांगतो. भाचीनं पाठ केलं. लॅबमध्ये जीसीसी या सी भाषेच्या कंपायलरवर (लिहिलेला प्रोग्रॅम मशीनच्या भाषेत उतरवणारं सॉफ्टवेअर) चालवलं तर १४ आलं. घरी मोबाईलच्या ॲपमध्ये १३. दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये पुन्हा १४. पोरीनं वहीची तीन पानं भरली होती, पहिला आय कधी वाढला, दुसरा कधी वाढला, नुसते बाण. तिसऱ्या पानाच्या तळाशी पेन्सिलीनं लिहिलेलं, ‘मला कळत नाही.’

अगं, त्यात कळण्यासारखं काही नाहीच! सी भाषेचं प्रमाण म्हणजे आयएसओ ९८९९. त्यात हे पहिल्यापासून लिहून ठेवलंय: एकाच एक्स्प्रेशनमध्ये (एका हिशेबात), मधे ‘आधीचं पुरं झालं’ असा टप्पा न येता, एक व्हेरिएबल दोनदा बदललं तर त्याचं वर्तन ‘अनडिफाइन्ड’. म्हणजे कंपायलरनं काय करावं यावर भाषेचं बंधनच नाही. १३ आलं तरी चूक नाही, १४ आलं तरी नाही, प्रोग्रॅम कोलमडला तरी नाही. २०११च्या आवृत्तीत शब्दरचना बदलली, अर्थ तोच राहिला. जीसीसीला सगळे इशारे दाखवायला सांगा, तो स्वतःच बजावतो की या आयचं काही खरं नाही. म्हणजे ज्या प्रश्नाला उत्तरच नाही, त्याचं उत्तर पाठ करायला लावून एका मुलीला तुम्ही ‘ढ’ ठरवलंत.

एक कबूल करते. जावामध्ये डावीकडून उजवीकडे जायचं हे भाषेनंच ठरवलंय, तिथं १३ पक्कं. पण पायथनमध्ये ++ असा ऑपरेटरच नाही. तो त्याला दोन अधिक चिन्हं समजतो, आय जागचा हलत नाही आणि उत्तर येतं १०. मेसेजमध्ये भाषेचं नावसुद्धा नाही. आणि नोकरीत अशी ओळ कोणी लिहिली तर मी ती परत पाठवते, तीन ओळींत सुटी करून आण म्हणते.

= आणि == एकच, हे तर धोकादायक आहे. एक किंमत ठेवतो, दुसरा तुलना करतो. २००३ साली लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या कर्नलमध्ये, म्हणजे गाभ्यात, कोणीतरी चोरून दोन ओळी घुसवायचा प्रयत्न केला होता. वरवर पाहिलं तर ‘वापरणाऱ्याचा क्रमांक ० आहे का’ अशी तपासणी. प्रत्यक्षात तिथं एकच = होतं, म्हणजे ‘क्रमांक ० कर’. आणि ० म्हणजे रूट, सगळ्या मशीनचा मालक. वेळीच पकडलं गेलं म्हणून वाचलं. एका चिन्हाचा फरक होता तो.

% म्हणजे टक्के नव्हे, भागाकारातली बाकी. मी अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतल्या टॉवेल कारखान्यांसाठी बिलिंगची सॉफ्टवेअर लिहिते, तिथं हा ऑपरेटर रोज लागतो. २५० टॉवेल, डझनाचा गठ्ठा: २५० / १२ म्हणजे २० गठ्ठे, २५० % १२ म्हणजे सुटे १०. एवढं सांगितलं तर कुठल्याही पोराला कळतं.

बोडमासचं अर्धं खरं आहे. आधी गुणाकार-भागाकार, मग बेरीज-वजाबाकी, हे चालतं. पण शाळेत १८ ≤ वय ≤ ६० लिहितो तसं सीमध्ये लिहिलं तर अट कायम खरी ठरते. आधी १८ <= वय याचं उत्तर ० किंवा १ येतं, आणि ते ६० पेक्षा लहान असणारच. ९० वर्षांच्या आजोबांनाही तो प्रोग्रॅम आत घेतो. सीमध्ये २^३ म्हणजे ८ नव्हे, १. तो घाताचा ऑपरेटरच नाही, बिटांचा एक्सऑर आहे, म्हणजे दोन आकड्यांचे बिट (० किंवा १) जिथं वेगळे तिथं १ देणारा.

राहिला गणिताचा मुद्दा. भाचीला दहावीला गणितात बेताचेच मार्क होते, ते ताई सगळ्यांना सांगत असते. परवा रात्री ती माझ्याशेजारी बसून टक्केवारीचा प्रोग्रॅम लिहीत होती: ४१२ / ५०० * १००. उत्तर आलं ०. मी काही बोलले नाही. तिनं तुकडा तोडून आधी फक्त ४१२ / ५०० छापून पाहिलं, ते ० दिसलं, आणि म्हणाली, ‘मावशी, हा पूर्णांकातच भागतोय, पॉइंटच्या पुढचं फेकून देतोय. म्हणजे १०० ला आधीच गुणायला पाहिजे.’ १०० पुढं घेतले, ८२ आलं.

मग स्क्रीनकडे बघत तिनंच विचारलं, ‘पण ते पॉइंट चार कुठं गेले?’

१००च्या पुढं पॉइंट शून्य लाव म्हटलं. ताईला तेवढ्यात फोन करून सांगितलं, लाईन बदलायची नाही.