दुसऱ्याच्या पाळीत हात आखूड

माझी अपेक्षा फार साधी होती. हातात आठ फुटी दांड्याचं हत्यार, अंगावर चिलखत बिलखत काही नाही, आणि माणूस इतका चपळ की समोरच्याला कळायच्या आत दोन फटके मारून हा पलीकडे उभा. बसमधून उतरताना मला हल्ली गुडघ्याची परवानगी घ्यावी लागते, त्यामुळे निदान कागदावरचा माणूस तरी तुरतुरीत असावा असं वाटलं तर त्यात काय वाईट आहे. पण डन्जन्स अँड ड्रॅगन्स नावाच्या, फासे टाकून कागदावरचं पात्र लढवायच्या खेळात तुम्हाला काय वाटतं याला काडीची किंमत नसते. किंमत असते ती डीएमच्या, म्हणजे खेळ चालवणाऱ्याच्या, मताला आणि आमचा डीएम म्हणजे माझा भाचा.

फोंड्याला ताईच्या घरी रविवारी दुपारी हे चालतं. भाचा फर्मागुडीला इंजिनियरिंग करतो, त्याचे तीन मित्र येतात, एक खेळाडू कमी पडत होता म्हणून मामाला भरती केलं. लहानपणी ज्याचं नाक पुसलं तो पोरगा आता पुठ्ठ्याचा आडोसा लावून पलीकडे बसतो आणि मी काहीही विचारलं की पान न उघडता सांगतो, "मामा, नाही होत."

म्हणजे अडचण अशी आहे. आम्ही खेळतो ती पाचव्या आवृत्तीची 2014ची पुस्तकं. त्यात ग्लेव्ह नावाचं हत्यार आहे, लांब दांड्याला तलवारीसारखं पातं, पाच फुटांऐवजी दहा फुटांवरून वार, दहा बाजूंच्या फाशाचं डॅमेज, किंमत 20 सोन्याची नाणी. त्याच्या जोडीला पोलआर्म मास्टर नावाचं खास कसब घेतलं की दांड्याच्या मागच्या टोकाने आणखी एक फटका मारता येतो, शिवाय कोणी तुमच्या टप्प्यात नुसतं पाऊल टाकलं तरी एक वार फुकट. मी वाचूनच खूश झालो होतो. मग कळलं की हे सगळं चालतं स्ट्रेंग्थवर, म्हणजे ताकदीवर. चपळाईवर, म्हणजे डेक्सवर, चालणाऱ्या हातघाईच्या हत्यारांना फिनेस असं लेबल लागतं आणि ते एकाही लांब दांड्याला नाही. लांब टप्पा आणि फिनेस दोन्ही असलेलं एकच हत्यार पुस्तकात आहे, चाबूक. त्याचं डॅमेज चार बाजूंचा फासा आणि वर पोलआर्म मास्टर त्याला लागू नाही. चाबूक घेऊन मी काय सर्कशीत जाऊ?

"पण हे लॉजिकल तरी आहे का," मी म्हटलं, "सावईवेऱ्याच्या कुळागरात बघ जा, सुपारी काढणारा माणूस एका पोफळीवरून झोका घेऊन दुसऱ्या पोफळीवर जातो, खाली उतरतसुद्धा नाही, ती काय ताकद आहे?"

"त्याच्या हातात ग्लेव्ह असतं का?"

"कोयती असते."

"मग ती फिनेस असेल," भाचा म्हणाला आणि फासे मोजायला लागला.

मग मी इतिहास काढला. मराठ्यांचा विटा, दोरी बांधलेला भाला, फेकायचा आणि दोरीने परत ओढून घ्यायचा, मर्दानी खेळात आजही दाखवतात, ते नुसत्या दंडाच्या जोरावर होत नाही. भाचा म्हणाला भाला आहे ना पुस्तकात, वीस फुटांपर्यंत नीट फेकता येतो, साठपर्यंत कसाबसा. आणि परत? परत चालत जाऊन आणायचा. दोरीचा नियम नाही.

गंमत म्हणजे 1974 साली ज्या दोघांनी हा खेळ काढला त्यातल्या गॅरी गायगॅक्सना या लांब दांड्यांचं जबरदस्त वेड होतं, जुन्या पुस्तकांत त्यांच्या याद्याच्या याद्या आहेत, ग्लेव्ह, गिझार्म, मग ग्लेव्ह-गिझार्म, व्हूज, ल्यूसर्न हॅमर, बेक दे कॉर्बिन. एवढी दुकानभर हत्यारं, पण बारीक अंगकाठीच्या माणसाला परवडेल असं त्यात काही नाही. 2024च्या नव्या पुस्तकात ते कसब घेताना स्ट्रेंग्थ किंवा डेक्स एकाने वाढवता येते, पण ग्लेव्ह चालवायला स्ट्रेंग्थच. म्हणजे दार उघडलं आणि आत भिंत.

शेवटी हिशेबाला बसलो. पात्राचे गुण विकत घ्यायला एकूण 27 पॉइंट, सगळे आकडे आठपासून सुरू, पंधरापर्यंत न्यायला एकाला नऊ पॉइंट लागतात. ताकदही पंधरा आणि चपळाईही पंधरा घेतली तर अठरा पॉइंट तिथेच संपले, तब्येत चौदा करायला सात गेले, उरले दोन. त्यात शहाणपण दहा, बुद्धी आठ आणि बोलणं-वागणं आठ. म्हणजे गडी दणकट आणि चपळ, पण पावाचे सुटे पैसे मोजता येत नाहीत आणि पोदेराशी, म्हणजे पाववाल्याशी, भांडतो. शेजारी बसलेला म्हापशाचा पोरगा कागद बघून म्हणाला, "कितें रे हें, हा तर आमचा काका." वर मधल्या वजनाचं चिलखत घातलं तर डेक्सचा फायदा दोनच्या पुढे धरतच नाहीत, म्हणजे चपळाई पंधराच्या पुढे वाढवली तरी चिलखतात ती वाया.

मग माणसाऐवजी बगबेअर व्हायचं ठरवलं. हा केसाळ, लांब हातांचा प्राणी, याचा वार पाच फूट जास्त लांब जातो. साध्या काठीलासुद्धा दहा फुटांचा टप्पा! मला वाटलं जमलं. मी भाच्याला रात्री अकरा वाजता मेसेज टाकला, कोणी जवळ आला की दहा फुटांवरूनच हाणतो. त्याचं उत्तर लगेच आलं, "मामा, ते फक्त स्वतःच्या पाळीत. तो जवळ येतो तेव्हा त्याची पाळी असते. दुसऱ्याच्या पाळीत हात आखूड." मी ते तीनदा वाचलं. ज्याने हा नियम लिहिला त्याने आयुष्यात एकदा तरी सरकारी खात्यात काम केलेलं असणार.

राहिला मंक, म्हणजे मठातला लढवय्या. मंकला काठी किंवा भाला डेक्सने चालवता येतो, चिलखत लागत नाही, काठी दोन हातांनी धरली तर आठ बाजूंचा फासा, आणि पोलआर्म मास्टर काठीला चालतं, भाल्याचं नाव नंतरच्या दुरुस्तीत आलं. फक्त मंकला जादाची एक लाथ आधीच फुकट मिळते आणि दांड्याच्या टोकाचा फटका पण त्याच खात्यातून, त्यामुळे एका पाळीत दोन्हीपैकी एकच. आणि टप्पा पाच फूट. म्हणजे लांब दांडा या मूळ मुद्द्यातला लांब गेला आणि दांडा राहिला. पण मी घेतला. डेक्स 16, शहाणपण 16, हिट पॉइंट, म्हणजे अंगात जीव, दहा.

पहिली लढाई लागली तेव्हा बाहेर मुसळधार पाऊस, लाईट गेलेली, टेबलावर मोबाईलची टॉर्च आणि वीस बाजूंचा फासा दर दुसऱ्या खेपेला फ्रिजखाली. समोर गॉब्लिन नावाचा राक्षस, एवढासा. मी काठी तोलून उभा, ये म्हटलं, टप्प्यात पाय टाक फक्त.

"गॉब्लिन बोनस अ‍ॅक्शनमध्ये डिसएंगेज करतो," भाचा म्हणाला, "आणि तुझ्या बाजूने आत येतो."

"आला ना टप्प्यात! माझा वार!"

"डिसएंगेज केलंय मामा. त्याच्या चालण्यावर फुकटचा वार नाही, जातानाही नाही आणि येतानाही नाही."

"हे कुठल्या लेव्हलला मिळतं त्याला?"

"गॉब्लिन सगळेच करतात."

म्हणजे मी महिनाभर डोकं फोडून जमवलेलं जे एकमेव कसब, ते निकामी करायची सोय त्या शेंबड्याला जन्मतःच. त्याचे दोन भाऊ तर जवळ यायच्या भानगडीतच पडले नाहीत, झाडामागून लहान धनुष्य काढलं, त्याचा पल्ला ऐंशी फूट, आणि बाण हाताने झेलायची कला मंकला तिसऱ्या लेव्हलला येते, मी पहिल्या. एक बाण सात, दुसरा पाच. माझा चपळ माणूस काठीसकट आडवा.

आतून ताई माशाच्या हुमणाचा टोप घेऊन आली. "कोण मेलं?"

"मामा," भाचा म्हणाला, "पण अजून पूर्ण नाही, जगतो की मरतो त्याचे फासे टाकायचे आहेत."

"मग आधी जेवून घ्या," ताई म्हणाली, "आणि ती कागदं उचला, रस्सा सांडेल."